माल वरूनच येत नाही

नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेल दुकानांची दाटी आहे. सुरगाणा-पेठपासून येवला-मालेगावपर्यंतचे मेडिकलवाले इथल्या स्टॉकिस्टांशी व्यवहार ठेवून असतात. एखादं इंजेक्शन बाजारातून नाहीसं व्हायला लागलं की त्याची पहिली कुणकुण इथल्या काउंटरवर लागते. हातात चिठ्ठी घेऊन आलेल्या नातेवाइकाला उत्तर मिळतं, "माल वरूनच येत नाही." तिथून मग मुंबई नाका, द्वारका, गंगापूर रोड असा फेरा सुरू होतो. कुणी पुण्याच्या मेव्हण्याला फोन लावतं, कुणी मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरला.

या प्रकरणात ज्या औषधाबद्दल लिहायचं आहे, ते हाती आलं नाही तर रुग्ण अक्षरशः उपाशी राहतो. डॉक्टर त्याला टीपीएन म्हणतात. नातेवाईक म्हणतात, 'जेवणाची सलाईन'. आतडं काम करत नसेल, आतड्याचा बराचसा भाग कापावा लागला असेल, पोटात जंतुसंसर्ग पसरला असेल किंवा बाळ दिवस भरण्याच्या फारच आधी जन्मलं असेल, तर तोंडातून किंवा नळीतून दिलेलं अन्न अंगी लागत नाही. अशा वेळी अन्नातले घटक थेट रक्तात सोडावे लागतात. साधी सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, आणि ग्लुकोजची बाटली म्हणजे साखरेचं पाणी. त्यावर माणूस काही दिवस निभावतो, पण जगत नाही. टीपीएनच्या पिशवीत प्रथिनांऐवजी अमिनो आम्लं असतात, ऊर्जेसाठी ग्लुकोज आणि स्निग्ध पदार्थ असतात. सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. जीवनसत्त्वं आणि जस्त, तांबं, सेलेनियम यांसारखी सूक्ष्म खनिजं असावी लागतात.

'असावी लागतात' असं मुद्दाम लिहिलं आहे. आपल्याकडे मोठ्यांसाठी बहुधा तीन कप्प्यांची तयार पिशवी वापरली जाते. एका कप्प्यात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्लं, तिसऱ्यात स्निग्धांश. नर्स पिशवी टेबलावर ठेवते आणि वरच्या टोकापासून घट्ट गुंडाळत आणते. दाब वाढला की कप्प्यांमधले नाजूक जोड आतल्या आत उकलतात. तिन्ही द्रव एकत्र होतात, पिशवी दोन-तीनदा उलटीसुलटी केली की सगळं दुधासारखं पांढरं दिसू लागतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं, पूर्ण जेवण तयार. पण जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं या पिशवीत सहसा नसतात, कारण ती आधीच मिसळून ठेवली तर मिश्रण फार काळ टिकत नाही. त्यांच्या वेगळ्या छोट्या बाटल्या असतात आणि त्या पिशवी लावण्याच्या आधी निर्जंतुक पद्धतीने टोचून मिसळायच्या असतात. पिशवी मिळाली पण बाटली मिळाली नाही, तर जेवण वाढलेलं दिसतं, आणि ते अपुरं असतं.

हे शास्त्र फार जुनं नाही. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचं तेल आणि अंड्यातले फॉस्फोलिपिड वापरून शिरेतून देता येईल असा निर्धोक स्निग्ध द्रव १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला, तोच इंट्रालिपिड. त्याआधीच्या अशा द्रवांनी रुग्णांना ताप, थंडी, त्याहून वाईट त्रास झाले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डुड्रिक यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना केवळ शिरेतून पोसून वाढवून दाखवलं. त्यानंतर १९६७ मध्ये फिलाडेल्फियात आतडं जवळपास नसलेल्या एका नवजात मुलीला त्यांनी याच पद्धतीने अनेक महिने जगवलं, तिचं वजन-उंची वाढली. अन्नमार्ग बंद पडला तरी माणूस वाढू शकतो, ही गोष्ट तोवर कुणी सिद्ध केलेली नव्हती.

आता टंचाईकडे येऊ. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. या औषधाच्या टंचाईत माणसं दगावली ती बहुतेक वेळा पिशवीच मिळाली नाही म्हणून नव्हे. पिशवीतला एखादाच घटक गळला, आणि तो गळल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून नुकसान झालं.

१९९६ च्या अखेरीस अमेरिकेत शिरेतून द्यायच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला. काही रुग्णांची टीपीएन चालूच राहिली, फक्त जीवनसत्त्वं कमी झाली किंवा थांबली. १९९७ मध्ये त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीवर गेलं. कारण होतं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. पेशीला ग्लुकोज पूर्ण जाळायला थायमिन लागतं. ते नसेल तर ग्लुकोज अर्ध्या वाटेवर अडतं आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होत राहतं. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचा असतो. आधीच कुपोषित असलेल्या रुग्णात त्याहून कमी. म्हणजे ज्या ग्लुकोजने रुग्णाला ऊर्जा द्यायची, तेच थायमिनविना त्याच्यावर उलटतं. आणि थायमिनचं इंजेक्शन स्वतंत्रपणे मिळत होतं, स्वस्तही होतं. मिश्र जीवनसत्त्वांची बाटली मिळत नाही म्हणून सगळीच जीवनसत्त्वं सोडून द्यायचं कारण नव्हतं.

२०१२ च्या शेवटी वॉशिंग्टन डीसीत दुसरा घटक गळला: जस्त. इंजेक्शनच्या जस्ताची देशभर टंचाई होती. यकृताच्या त्रासामुळे ज्यांची जस्ताची गरज जास्त होती अशा, खूप लवकर जन्मलेल्या तीन बाळांच्या तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी लालसर, सोलवटलेले चट्टे उठले. मातेचं दूध किंवा इतर अन्न पचवण्याच्या अवस्थेत ती नव्हती. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने युरोपातून सूक्ष्म खनिजांची इंजेक्शनं आणायला परवानगी दिली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या राजधानीत, अद्ययावत नवजात विभागात हे घडलं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा एखाद्या खासगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ते घडणार नाही, असं समजण्याला काहीच आधार नाही.

स्निग्धांश गळला तर मोठ्या माणसाची त्वचा कोरडी, खवल्यांची होते, केस गळतात, जखम भरायला वेळ लागतो. हे काही आठवड्यांत दिसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे चरबीचा साठाच नसतो, त्याच्यात ही कमतरता काही दिवसांतच सुरू होते. म्हणून टंचाईच्या काळात जगभरचे पोषणतज्ज्ञ बाळांना पहिला हक्क देतात, आणि ज्या धडधाकट बांध्याच्या मोठ्या रुग्णाला थोडेच दिवस टीपीएन लागणार आहे त्याचा स्निग्धांश तात्पुरता कमी करतात. हा निर्णय विचार करून घेतलेला असतो, कागदावर लिहिलेला असतो, आणि तो कधी उलटवायचा हेही ठरलेलं असतं. थायमिनच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं.

टंचाईत आणखी एक मोह होतो: मिळत नाही तर आपणच बनवू. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात अमिनो आम्लांच्या तयार द्रावणाचा तुटवडा होता. तिथल्या एका औषध-मिश्रण केंद्राने अमिनो आम्लांची पूड आणून द्रावण तयार केलं आणि त्यातून टीपीएनच्या पिशव्या भरल्या. सहा हॉस्पिटलांत १९ रुग्णांच्या रक्तात सेरेशिया नावाचे जंतू गेले. त्यांतले नऊ जण दगावले. तेच जंतू केंद्रातल्या पाण्याच्या नळावर सापडले. जंतूंना वाढायला टीपीएनइतकं पौष्टिक द्रव्य क्वचितच मिळतं, म्हणून त्यात हात घालताना निर्जंतुकपणात तसूभरही सूट चालत नाही.

हा तुटवडा मुळात पडतो का? पिशवीत जाणारी औषधं जुनी आहेत, पेटंट कधीच संपलेली आहेत, नफा बेताचा आहे. बनवण्याची यंत्रणा मात्र अत्यंत महाग आणि कडक तपासणीची. त्यामुळे मोजक्याच कंपन्या, मोजकेच कारखाने. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं, तिथले बॅक्स्टर कंपनीचे कारखाने थांबले, आणि हजारो किलोमीटर लांबच्या हॉस्पिटलांत सलाईनच्या छोट्या पिशव्या आणि अमिनो आम्लं मिळेनाशी झाली. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, हेलीन वादळाच्या पुराने त्याच कंपनीचा नॉर्थ कॅरोलिनातला कारखाना बंद पाडला. अमेरिकेला लागणाऱ्या शिरेतल्या द्रवांपैकी सुमारे ६० टक्के तो एकटा पुरवत होता.

भारतात याला किमतीचा आणखी एक पदर आहे. सरकारने ठरवलेल्या कमाल किमतीत कच्चा माल परवडेना की कंपन्या उत्पादन थांबवण्याचे अर्ज करतात. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २१ औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवायला मान्यता दिली, ती याच भीतीने. औषध स्वस्त राहावं आणि बाजारात राहावं, या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात साधत नाहीत, हे तेव्हा सरकारी कागदावरच मान्य झालं. सरकारी खरेदीचं दुखणं निराळं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं नव्हती हा आरोप रुग्णालयाने फेटाळला; पण राज्याची औषधखरेदी रखडते हे मात्र कुणाला नव्याने सांगावं लागलं नाही. हाफकिन महामंडळाकडून औषधखरेदीचं काम काढून स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा कायदा राज्याने त्याच वर्षी केला होता.

टंचाई आली की कोण कुणाला देणार, याचा सर्वांत कठीण धडा नाशिककरांनी २०२१ मध्ये घेतला. एप्रिलमध्ये कोविडच्या लाटेत रेमडेसिव्हिर या इंजेक्शनसाठी नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते. त्याच महिन्यात २१ तारखेला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि दाब कमी होऊन २० हून अधिक रुग्ण गेले. शहर हादरलेलं होतं. राज्याने रेमडेसिव्हिरचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली घेतलं आणि दुकानाच्या काउंटरऐवजी ते थेट हॉस्पिटलांकडे जाऊ लागलं. त्या व्यवस्थेत त्रुटी होत्या, वाद झाले, काळाबाजारही लगेच थांबला नाही. तरीही ती दिशा बरोबर होती. कारण त्याआधी औषध मिळणं हे रुग्णाच्या गरजेवर नाही, तर कुणाचा भाचा किती जलद मोटारसायकल चालवतो आणि कुणाच्या फोनमध्ये कोणाचा नंबर आहे यावर ठरत होतं.

त्या टंचाईतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांना रेमडेसिव्हिर सरसकट देऊ नये, असं सुचवलं होतं. म्हणजे रांगेतल्या बऱ्याच चिठ्ठ्या मुळातच टाळता येण्यासारख्या होत्या. टीपीएनच्या बाबतीतही हे खरं आहे. आतडं चालू असताना, 'ताकद यावी' म्हणून लावलेली प्रत्येक पिशवी ही आतडं नसलेल्या कुणाच्या तरी वाट्यातून गेलेली असते.

मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचा आजार आला आणि ॲम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन संपलं. याचा टीपीएनशी संबंध आहे आणि तो रंजक आहे. ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून ते स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून देतात. लायपोसोमल हा त्याचा एक प्रकार, आणि दुसरा प्रकार म्हणजे स्निग्ध इमल्शन, ज्याचं नातं व्रेटलिंड यांच्या पोषणद्रवाशी लागतं. हे इमल्शन बनवणारी देशात एकच कंपनी असल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने ते बनवायला सुरुवात केली. विदर्भातल्या एका कारखान्याला हे थोड्या आठवड्यांत जमलं, कारण निर्जंतुक इंजेक्शनं भरण्याची यंत्रणा तिथे आधीच होती. टंचाई येण्यापूर्वीच अशी यंत्रणा ठिकठिकाणी असणं, हेच तिच्यावरचं खरं औषध. त्या काळात केंद्र रुग्णसंख्येनुसार राज्यांना ॲम्फोटेरिसिनचे वाटे पाठवत होतं, आणि जूनच्या पहिल्याच दिवशी दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की कुणाला आधी द्यायचं याचं धोरण ठरवा. तो प्रश्न न्यायालयापर्यंत जावा लागला, कारण तो एकेका वॉर्डातल्या एकेका डॉक्टरच्या माथी टाकला गेला होता.

ब्रिटनने हाच प्रश्न टीपीएनसाठी सोडवून पाहिला. तिथे अनेक रुग्ण घरीच रात्री टीपीएन लावून झोपतात आणि सकाळी कामावर जातात. २०१९ च्या उन्हाळ्यात रनकॉर्न इथल्या कॅलिया कंपनीच्या कारखान्यात तपासणीत त्रुटी सापडल्या आणि त्याचं उत्पादन घटवावं लागलं. शेकडो रुग्णांच्या ठरलेल्या, त्यांच्या मापाने बनवलेल्या पिशव्या वेळेवर येईनात. राष्ट्रीय आरोग्यसेवेने रुग्णांची जोखमीनुसार वर्गवारी केली: कुणाला तयार कप्प्यांच्या पिशवीवर काही काळ ठेवता येईल, कुणाला मुळीच नाही, कुणाला हॉस्पिटलमध्ये दाखल करून घ्यावं लागेल. रुग्णांचे फार हाल झाले, हे तिथल्या रुग्णसंघटनेने उघडपणे मांडलं. पण यादी एक होती, निकष जाहीर होते.

आणि टंचाईत सर्वांत मोठी मदत आतड्याचीच होते, हे आपल्या देशातल्या एका डॉक्टरने दाखवून दिलं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिंपात विरघळवून ते पाणी रुग्णांना प्यायला दिलं. ज्या कॉलऱ्यात पुरेशा उपचाराविना ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते, त्याच छावणीत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. शिरेतून देणं हाच एकमेव मार्ग आहे, ही समजूत टंचाईने मोडली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

कमी दिवसांच्या बाळाच्या बाबतीत हेच काम आईचं दूध करतं. अगदी थेंबाथेंबाने, नळीतून, जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू केलेलं दूध आतड्याला जागं करतं आणि टीपीएनवरचे दिवस कमी करतं. आईला दूध येत नसेल तर दूधपेढीचं दूध. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिदा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. नाशिकसारख्या शहराला, जिथे हरसूल, सुरगाणा, कळवणच्या आदिवासी पाड्यांतून कमी वजनाची बाळं रात्री-अपरात्री येतात, दूध गोळा करून निर्जंतुक करण्याची व्यवस्था ही पिशवीच्या टंचाईवरचा पहिला बांध ठरू शकते. दूध द्यायला तयार असलेल्या आया शोधाव्या लागत नाहीत, प्रसूतीच्या वॉर्डात त्या असतातच. त्यांना विचारणारं कुणीतरी हवं असतं.

आता नातेवाइकाने काय करायचं, ते सांगते. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा की नळीतून थोडं तरी अन्न देता येईल का, आणि आज नाही तर पुन्हा कधी तपासणार. आतड्यातून दररोज थोडं जरी गेलं तरी टीपीएनचा भार हलका होतो. पिशवी तुम्हाला बाहेरून आणायची असेल तर जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजांच्या बाटल्या चिठ्ठीत आहेत का, ते पाहा. दुकानात एखादी बाटली मिळाली नाही तर तसंच परतून 'बाकी सगळं आणलं' असं सांगू नका. काय मिळालं नाही ते नर्सला नाव घेऊन सांगा. डॉक्टर थायमिन, जस्त वेगळं देऊ शकतात, काही जीवनसत्त्वं तोंडातून देऊ शकतात. पण कमतरता कळली तरच.

पिशवी आणताना मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, बर्फाला चिकटवूनही आणू नका. मिसळल्यावर पांढऱ्या द्रवावर पिवळसर तेलाचा थर वेगळा दिसला, तर ती लावू देऊ नका. तेलाचे मोठे थेंब फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या अडवू शकतात. व्हॉट्सॲपवर 'आहे माझ्याकडे, रोख द्या' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून ती घेऊ नका. बिलाशिवाय, बॅच नंबराशिवाय आलेली पिशवी कुठे आणि कशी ठेवली होती, हे कुणालाच माहीत नसतं. पुढची पिशवी येणार नाही असं कळलं तर चालू पिशवी संपण्याआधी डॉक्टरांना सांगा. टीपीएन एकदम बंद पडली तर रक्तातली साखर कोसळू शकते, म्हणून मध्ये निदान ग्लुकोजचं द्रावण सुरू ठेवावं लागतं.

शहरातल्या हॉस्पिटलांकडून एक अपेक्षा आहे. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिल आहे, महापालिकेचं बिटको आहे, आणि डझनांनी खासगी एनआयसीयू आहेत. कुणाकडे किती अमिनो आम्लं, किती स्निग्धांश, किती जस्त शिल्लक आहे, हे टंचाईच्या आठवड्यात एका यादीत दिसलं पाहिजे. एका हॉस्पिटलच्या कपाटात जस्ताच्या बाटल्या मुदत संपण्याची वाट पाहत असताना दुसऱ्या ठिकाणचं बाळ त्याविना राहू नये. २०२१ मध्ये प्रशासनाने रेमडेसिव्हिरची यादी करायला लावली, तेव्हा ती झाली. त्यासाठी पुन्हा साथीची वाट पाहण्याचं कारण नाही.

औषध सरळ मार्गाने मिळत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवा, आणि किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा जन समाधान' या व्यवस्थेतही तक्रार नोंदवा. औषध उपलब्ध नसल्याच्या तक्रारींसाठीही ती २०१५ मध्ये सुरू झाली. तक्रार नोंदली गेली नाही तर सरकारदरबारी ती टंचाई झालेलीच नसते. आणि रुग्णाच्या उशाशी बसलेले असाल तर रोज नवी पिशवी लागताना नर्सला एवढं जरूर विचारा: आजच्या पिशवीत काय नाही?